सुट्टीची माती करण्याचे खात्रीशीर उपाय

आठवडाभर राबून मिळालेली अख्खी सुट्टी लोळण्यात, पुस्तक चाळण्यात आणि झाडांना पाणी घालण्यात गेली, तर माणसाला स्वतःची लाज वाटायला हवी. तसं होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. खालचे सगळे उपाय घरोघरी वर्षानुवर्षं वापरून सिद्ध झालेले आहेत. त्यांना कौशल्य लागत नाही. थोडी घाई, भरपूर आत्मविश्वास आणि 'पाच मिनिटांचं तर काम आहे' हे वाक्य मोठ्याने म्हणायची तयारी, एवढ्या भांडवलावर भागतं. परवा ज्या सद्गृहस्थांनी नुसता ठिबकणारा नळ दोन्ही हातांनी आवळून 'दुरुस्त' केला आणि हात पुसत निघून गेले, त्यांना हा लेख सादर अर्पण.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी नऊला पाना हातात घेण्यात धोका असतो. उजेड असतो, दुकानं उघडणार असतात, चुकलं तर निस्तरायला दिवस पडलेला असतो आणि काम अकराला संपून माणूस चक्क मोकळा होऊ शकतो. म्हणून सकाळ 'आज बरीच कामं आहेत' हे घोकण्यात घालवावी. त्यात ना विश्रांती होते, ना काम. संध्याकाळी साडेपाचला उठून सुरुवात केली की थोड्याच वेळात अंधारून येतं, दुकानदार शटर ओढायच्या बेतात असतो आणि घरात कुणालातरी नेमकी तेव्हाच अंघोळ करायची असते. असा योग रोज येत नाही.

यादी करू नका. केलीच तर 'बल्ब, सेल, स्क्रू' अशी करा. बल्ब पिनांचा की आट्यांचा, सेल जाड पेन्सिलचा की बारीक, स्क्रू किती लांब, हे तपशील दुकानाच्या काउंटरवर उभं राहून घरी फोन करून विचारायचे असतात. घरचा माणूस मग खुर्चीवर चढतो, आधीचा बल्ब काढतो आणि 'खाली लोखंडाचं काहीतरी आहे' असं सांगतो. पडद्याच्या दांड्याचं माप हात पसरून घ्या आणि दुकानापर्यंत हात तसेच पसरलेले ठेवा. मोजायची टेप घरात आहे, पण ती शोधायला वेळ कोणाला? आणि कामं कधीही रस्त्याच्या क्रमाने लावू नका. आधी लांबचं, मग जवळचं, मग परत लांबचं, आणि सगळ्यात जड वस्तू सगळ्यात आधी विकत घ्यायची, म्हणजे ती उरलेल्या चार ठिकाणी सोबत हिंडते.

आता मुख्य कार्यक्रम. नळ.

ठिबकणारा नळ दिसला की कारण शोधायचं नाही, आवळायचं. थेंब पडतोय म्हणजे नळ पुरेसा बंद झालेला नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्याने भागलं नाही तर घरातल्या दणकट माणसाला बोलवा. तीन-चार फेऱ्यांनी बंद होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे मुठीखालच्या दांड्याच्या, टोकाला रबराचा एक छोटा वायसर असतो. तो खालच्या पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबतं. दणकट माणसाच्या कृपेने त्या रबरावर आधी गोल खाच पडते. मग ती खाच चिरते. थेंब परत सुरू होतो, तुम्ही परत आवळता. एक दिवस रबर संपतं आणि पितळावर पितळ घासायला लागतं. बैठकीवर ओरखडे उमटले की नवा वायसर घालूनही उपयोग नाही. तो त्याच ओरखड्यांवर थोड्याच दिवसांत फाटतो. मग बैठक घासून सपाट करायचं हत्यार आणा, नाहीतर अख्खा नळ बदला. नखाएवढ्या चकतीचं काम नळावर नेऊन ठेवायला एवढी साधना लागते.

तुमचा नळ पाव फेरीत बंद होणारा असेल तर आणखी मजा. त्यात दाबायला वायसरच नसतो. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकासमोर भोक आलं की पाणी येतं, सरकलं की बंद. इथे जोराचा आणि पाणी थांबण्याचा काडीचा संबंध नाही. चकत्यांच्या मध्ये रेतीचा कण अडकला असेल, ओरखडा पडला असेल किंवा खालची रबरी रिंग गेली असेल, तर तुम्ही पैलवान असलात तरी तो थेंब पडणारच. जोर लावून काय साधतं? स्पिंडलचे दाते झिजतात, मूठ नुसती गरगर फिरायला लागते, आणि आता नळ ठिबकत नाही, तो बंदच होत नाही. परवाचा प्रकार नेमका हाच. अभिनंदन.

उघडून बघायची इच्छा झालीच, तर पाणी बंद न करता उघडा. बेसिनखाली त्या नळाचं पाणी बंद करायला जो अँगल कॉक असतो तो शोभेसाठी आहे. बसवल्या दिवसापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे आत क्षार साचून तो जाम झालेला असतो. त्याला पकडीने धरून एकदम पिळावं, म्हणजे तो मुळातून तुटतो. हळूहळू, थोडा पुढे थोडा मागे असा फिरवला तर सुटेल ना! आणि सुटल्यावर दांड्याच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं, तर दांड्याभोवतीचा नट, म्हणजे ग्लँड नट, आठवा हिस्सा फेरी घट्ट केला की बहुतेक वेळा ते थांबतं. पण एवढं बारीक काम करायचं तर सुट्टी कशाला घेतली?

समजा चुकून कॉक बंद झाला. पुढची रीत अशी आहे: नळ उघडा ठेवून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्यायचं, बेसिनच्या भोकात फडकं कोंबायचं, मुठीवरची टोपी नखाने किंवा बारीक पेचकसाने उचकटायची, आतला स्क्रू काढायचा, मूठ ओढून काढायची, मग पान्याला कापड गुंडाळून खालचा नट घड्याळाच्या उलट दिशेने सोडवायचा. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कापडावर मांडायचा. तुम्ही यातलं फक्त फडकं विसरा. बाकी सगळं आपोआप होतं. तो स्क्रू भोकातून खाली जातानाचा आवाज एकदा ऐकला की बेसिनखालचा वाकडा पाइप उघडायचा नवा कार्यक्रम मिळतो. तेव्हा खाली बादली ठेवायचीही गरज नाही, फरशी नाहीतरी पुसायचीच होती.

आणि मग दुकान. दुकानात जुना पार्ट घेऊन जायचा नाही. वर सांगितलेले सगळे नियम मोडलेत तरी चालेल, हा मोडू नका. 'नळाचं ते आतलं द्या,' असं म्हणायचं. दुकानदार विचारेल, कुठला नळ? 'साधाच, बाथरूमचा.' फार तर फोटो दाखवायचा, बाहेरून काढलेला, चकचकीत मुठीचा. आता कार्ट्रिजची, म्हणजे त्या सिरॅमिकच्या चकत्या ज्यात असतात त्या आतल्या नळकांड्याची, लांबी वेगळी असते, आट्याची जाडी वेगळी असते, मूठ बसते त्या दात्यांची संख्या वेगळी असते, आणि डावीकडे उघडणारं कार्ट्रिज वेगळं, उजवीकडे उघडणारं वेगळं. त्या फोटोत यातलं काय दिसतं? दात्यांची संख्या चुकली की मूठ बसत नाही. दिशा चुकली तर मूठ बसते, पण नळ उलटा चालतो आणि घरातला प्रत्येकजण पुढची पाच वर्षं तो बंद करायला जाऊन उघडतो. जुनं कार्ट्रिज खिशात मावतं! तळहातापेक्षा लहान वस्तू आहे ती. ती खिशात टाकायची सोडून दुकानात हवेत बोटांनी आकार काढून दाखवणारी माणसं काउंटरपाशी पाऊण पाऊण तास उभी असतात, मागे रांग वाढत असते, आणि शेवटी 'तीन वेगवेगळे द्या, एखादं बसेल' असं म्हणतात. बसत नाही. कधीच बसत नाही. मग दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीलाही जुनं घरीच, कारण 'आता कळलंय मला कसं आहे ते'.

जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपबद्दल थोडक्यात. आट्याचं उघडं तोंड आपल्याकडे धरलं तर टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, अर्धी अर्धी एकावर एक चढवत गुंडाळायची असते आणि पहिला आटा मोकळा ठेवायचा असतो. पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे. तुम्ही उलटी गुंडाळा. नळ चढवताना ती लोकरीसारखी सुटून बाहेर येते, तुकडे आत जातात आणि दुसऱ्या टोकाला जाळीत अडकतात. जोडून झाल्यावर नळाचं तोंड सरळ आलं नाही म्हणून तो थोडा मागे फिरवा, म्हणजे बसलेली टेप हलते आणि गळती नक्की होते. मागे न्यायचं तर सोडवून, जुनी टेप खरवडून, नवी गुंडाळून परत चढवावं लागतं. शिवाय बेसिनखालच्या लवचीक पाइपाच्या नटात आधीच रबराचा वायसर असतो, तिथे टेपची गरज नसते. तिथे तर जरूर गुंडाळा, इतकी की तो वायसर नीट टेकूच नये. प्लास्टिकचा नट असेल तर हाताने घट्ट झाल्यावर वर पाव फेरी पुरते. तुम्ही पान्याने दोन फेऱ्या द्या. तडा लगेच दिसत नाही, तो रात्री दोन वाजता उघडतो.

पंखा पुसायचा असेल तर खालचं अंथरूण-पांघरूण तसंच ठेवून, चाकाच्या खुर्चीवर उभं राहून, पाती थांबायच्या आत पुसा.

कपडे धुण्याच्या मशीनमधून वास येतोय? आणखी पावडर घाला. पुढून उघडणाऱ्या मशीनला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर असतो, हे माहिती पुस्तिकेत लिहिलेलं आहे म्हणून तर पुस्तिका उघडायची नसते. उघडलंच झाकण, तर एकदम उघडा. आत साठलेलं पाणी मावायला पसरट ताट लागतं, आणि चाकी हळू सोडली तर ते थोडं थोडं येतं. तसं केलं तर फरशीवर तळं कसं होणार? आत एक नाणं, दोन केसांच्या पिना आणि बाळाचा मोजा सापडेल. मोजा वर्षापूर्वीचा असेल.

भिंतीला भोक पाडायचं काम दुपारी सगळे झोपले की काढावं. ड्रिल कुठे धरायचं याचा फार विचार नको. विजेच्या तारा बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असण्याची शक्यता असते, पाण्याचे पाइप नळांच्या रेषेत असतात, आणि तसबीर तर तुम्हाला अगदी बोर्डाच्या वरच हवी आहे. सहा मिलिमीटरच्या प्लगला सहाचंच बिट लागतं, पण हाताशी आठचं असेल तर तेच चालवा आणि मोकळ्या भोकात काड्यापेटीच्या काड्या कोंबा. टाइल असेल तर पहिल्या सेकंदापासून ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरायची सोय, चालू ठेवा. चिकटपट्टी लावून, हॅमर बंद ठेवून, सावकाश टाइल भेदायची आणि मागचं सिमेंट लागल्यावर मग हॅमर सुरू करायचा, असं करणारे लोक टाइल फोडत नाहीत. त्यांना सुट्टीचा आनंद काय कळणार! भोक किती खोल जायचं तेही मोजू नका. बिटावर चिकटपट्टीची खूण केली की प्रश्नच मिटतो, आणि प्रश्न मिटवायला आपण बसलेलो नाही. आतली धूळ तशीच ठेवून प्लग ठोका, तो अर्धा बाहेर राहतो आणि तसबीर भिंतीला नमस्कार केल्यासारखी पुढे झुकते.

बाथरूम घासण्याबाबत उपरोधाने लिहायला बसलं की हात अडतो. पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच आणि संडासाचं आम्लाचं लिक्विड एकत्र ओतू नका. दोन्हींनी स्वच्छ होतं म्हणजे मिळून दुप्पट स्वच्छ होतं, असं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बाथरूमसारख्या बंद खोलीत तो फुप्फुसांना गाठतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नको, त्यातूनही विषारी वायू निघतात. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवायचं, खिडकी उघडी ठेवायची, दुसरं दुसऱ्या दिवशी. डोळे झोंबायला लागले तर 'आता चांगलं लागू पडतंय' असं म्हणत आत थांबायचं नाही, बाहेर यायचं. बाटलीवर हे लिहिलेलं असतं. बाटली वाचा.

हं. पुढे.

छोटे आनंद. तेही बिघडवता येतात. दुपारची झोप वीस मिनिटांची घेतली तर माणूस ताजातवाना उठतो, म्हणून गजर लावू नये. तासाभराने गाढ झोपेच्या मधोमध कुणीतरी हाक मारून उठवलं की डोकं जड, जीभ जड, आणि आज कुठला वार हेही आठवत नाही. त्या अवस्थेत कुंडी बदलायला घ्या. रोप लहान, म्हणून कुंडी सगळ्यात मोठी आणा. आधीच्यापेक्षा दोन-तीन बोटं रुंद कुंडी पुरते, पण मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तेवढी माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात, हा एक वेगळाच प्रयोग आहे. आदल्या दिवशी पाणी घालून मातीचा गोळा ओला करून ठेवला तर तो अख्खा सुटून येतो. तुम्ही कोरड्या मातीतून रोप खोडाला धरून उपटा. नवीन कुंडीत खोड चार बोटं खोल पुरा, भर उन्हात ठेवा, आणि पान सुकलं की पाणी घाला, आणखी सुकलं की आणखी पाणी घाला.

खिडकीच्या काचा ऊन पडल्यावर पुसाव्यात. पाणी पुसायच्या आत वाळतं आणि ओघळ तसेच राहतात.

पुस्तक वाचा. फोन शेजारी, आवाज चालू.

एवढं सगळं झाल्यावर संध्याकाळी सगळ्यांत बसून म्हणायचं, 'सुट्टी कुठे गेली कळलंच नाही.' हे वाक्य नेहमी तोच म्हणतो ज्याने दिवसभर फक्त आवळलेलं असतं. पान्याला हात लावणारा अजून बेसिनखाली असतो.

कारण तो नळ आज ठिबकायला लागलेला नाही. महिनाभर ठिबकतोय. सेकंदाला एक थेंब आणि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी गेलंय, आणि घरातल्या चारही माणसांनी ते ऐकलंय. दार बंद केलं, खाली फडकं ठेवलं, बादली लावली. एकानेही सांगितलं नाही की नळ ठिबकतोय, बघायला हवं. सांगितलं कधी? घरात ज्याला थोडंफार जमतं त्याची सुट्टी उजाडली तेव्हा. आणि तेही तुम्ही तोवर आवळून आवळून आतले दाते संपवल्यावर. नुसता ठिबकत होता तेव्हाच सांगितलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं. दाते गेल्यावर दोन फेऱ्या, नवं कार्ट्रिज, आणि तुमच्या 'अजून झालं नाही?'ची चौकशी दर दहा मिनिटांनी.

जमत नाही म्हणता? जमण्याचा प्रश्न नाही, बघण्याचा आहे. नळ कुठल्या प्रकारचा आहे हे मूठ एकदा फिरवून कळतं. पाव फेरीत बंद झाला तर सिरॅमिकचा, दोन-चार फेऱ्या लागल्या तर वायसरचा. याला शाळा लागत नाही. सुटा स्क्रू वाटीत ठेवायला शिक्षण लागत नाही. पाना नेला तर परत आणून जागेवर ठेवायला, ड्रिलचं बिट बोथट झालं तर तसं सांगायला, सेल संपले तर संपलेलेच डब्यात परत न टाकायला कुठलंही कौशल्य लागत नाही. आपल्याच घराबद्दल एवढा आळस कसला? हॉटेलात राहताय का तुम्ही?

घरातल्या पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, सांगा. पाइप फुटला तर कुठे धावायचं? माहीत नाही ना? मग ठेवा हे वाचणं बाजूला आणि उठा. टाकीकडून येणाऱ्या पाइपावर किंवा मीटरच्या आसपास असेल. सापडला? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद करा, स्वयंपाकघरातला नळ उघडून पाणी खरंच थांबतं का बघा. गोल चाकीचा असेल तर परत पूर्ण उघडून पाव फेरी मागे घ्या, नाहीतर उघड्या अवस्थेतच जाम होईल. वर्षातून दोनदा हे करायचं. घरातल्या प्रत्येकाला दाखवायचं, पोरांनाही. आणि फिरवताना जोर लावू नका. नका लावू म्हटलं ना!